उंदराला ऐकू जातं

दिवाळीआधीचे पंधरा दिवस म्हणजे आमच्या धंद्याची लग्नसराई. वर्षभर जी कपाटं भिंतीपासून तसूभर हलत नाहीत ती त्या पंधरवड्यात हलतात, आणि मग फोन सुरू होतात. "अहो, कपाटामागे काहीतरी काळं काळं पडलंय." मी विचारायचो, "केवढं आहे?" पलीकडून उत्तर, "आम्ही मोजत बसलो नाही." पुण्यात फोनवर याहून जास्त माहिती मिळत नाही. मग पिशवी, बॅटरी आणि गुडघ्यांना बांधायचे पट्टे घेऊन मी निघायचो.

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरातले उंदीर शोधले. आता घरी आहे. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, कारण माझी निम्मी नोकरी दिवाणांखाली आणि ओट्यांखाली झाली. नाक मात्र शाबूत आहे, आणि तीच अडचण आहे. कुणाच्याही घरी गेलो की पहिल्या श्वासात कळतं. लोक समोर पोहे ठेवतात आणि माझी नजर सोफ्याखाली. बायको म्हणते, "आता तरी पाहुण्यासारखे बसा." जमत नाही. कंटाळा आलाय खरं तर या नजरेचा, पण ती काही काढून ठेवता येत नाही.

आमचं गाव पुण्याच्या वेशीवरचं. आता ते शहरात आलंय, म्हणजे शेतं गेली आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. शेतातल्या घुशी लहानपणापासून ओळखीच्या, त्यामुळे या कामाची किळस मला कधी वाटली नाही. आई मात्र शेवटपर्यंत शेजारणीला सांगायची, "आमचा थोरला औषधाच्या कंपनीत हाय." खोटं नव्हतं ते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, उंदीर पकडणं हे आमचं काम. पकडणं सोपं आहे. अवघड आहे ते तो घरात आहे का, कुठून आला आणि कुठे जातो हे ओळखणं. उंदीर दिसल्यावर फोन करणाऱ्यांनी उशीर केलेला असतो. दिसायच्या कितीतरी आधी तो खुणा ठेवून जातो. सगळ्यात पहिली खूण लेंड्यांची. बारक्या उंदराची लेंडी कारळ्याएवढी, दोन्ही टोकांना निमुळती. मोठ्याची काळ्या मनुकेएवढी. ताजी असली तर काळी चकचकीत, जुनी करडी पडते आणि चिमटीत भुगा होते. मग कुरतडणं. त्याच्या दातांचे दोन दोन चरे शेजारीशेजारी उठतात, कड ओबडधोबड राहते आणि खाली भुसा पडतो. आणि तिसरी खूण, जी कुणालाच दिसत नाही, ती म्हणजे तेलकट पट्टा. उंदीर भित्रा प्राणी. मोकळ्यातून जाणार नाही. भिंतीला अंग घासत रोज एकाच वाटेनं जातो आणि त्याच्या अंगाचा मळ लागून लागून भिंतीवर बोटभर रुंदीचा काळपट पट्टा उमटतो. पट्ट्याला बोट लावून पाहायचं. चिकटला तर वाट चालू आहे, कोरडा असला तर जुनी गोष्ट.

तरीही शंका राहिली, तर झोपताना त्या वाटेवर रांगोळी चाळून ठेवायला सांगायचो. सकाळी तिच्यावर पावलं दिसतात आणि मधून शेपटीची रेघ. एका बाईंनी रांगोळी चाळण्याऐवजी ठिपक्यांची चांगली मोठी रांगोळी काढून ठेवली होती. वर पावलं स्पष्ट उमटली होती. मी दाखवली तर म्हणाल्या, "गौरीची असतील." गौरी जाऊन तेव्हा आठवडा झाला होता.

गणपतीत तर आमचं काम बंदच. वाहन ना ते देवाचं. "दहा दिवस काही करू नका, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला या," असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. देवाला निरोप आणि वाहनाला पिंजरा. एक गृहस्थ मला जिन्यातच अडवून म्हणाले, "उंदीर आमचा नाही. शेजाऱ्यांचा आहे. आमच्याकडे फक्त जेवायला येतो." वाद घालण्यात अर्थ नसतो. मी दोन्ही घरांत पिंजरे लावले.

पण ज्या रिवाजानं माझी एकतीस वर्षं खाल्ली तो वेगळाच. उंदराचं औषध ठेवायचं असलं की घरात त्याबद्दल बोलायचं नाही. उंदराला ऐकू जातं, त्याला सगळं कळतं, तो मग त्या औषधाला तोंड लावत नाही. नावही घ्यायचं नाही, 'मामा' म्हणायचं. मी दारात उभा राहून "उंदरासाठी आलोय" म्हटलं की घरातली मोठी बाई ओठांवर बोट ठेवायची. मग सगळा कारभार भुवयांवर चालायचा. भुवई फ्रिजकडे, भुवई माळ्याकडे. कोथरूडच्या एका जोडप्यानं माझ्या हातात चिठ्ठी दिली होती, 'औषध गॅसच्या सिलेंडरमागे ठेवावे. वाचून फाडावी.' उंदराला ऐकू येतं पण वाचता येत नाही, अशी त्यांची खात्री असावी. मी हसायचो आणि पाळायचो. घर त्यांचं, रिवाज त्यांचा. आपलं काय जातं, असं वाटायचं.

ते काय जातं, ते कर्वेनगरच्या एका घरात कळलं.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नीलिमाताईंनी फोन करून बोलावलं होतं. त्या शाळेत शिक्षिका, नवरा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी जायचा तो घर झोपल्यावर यायचा, मी त्याला कधी पाहिलं नाही. घरात तिसरे म्हणजे त्यांचे सासरे, आप्पा. खडकीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून उभी नोकरी काढलेले. तयार झालेल्या मालाचं माप घ्यायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशाला सहा इंची पट्टी होती. ती मी आधी पाहिली आणि मग माणूस पाहिला.

नीलिमाताईंनी हकीकत सांगितली. फराळाचे बेसनाचे लाडू रोज दोन-तीन कमी व्हायचे. अनारसे गेले. आप्पांना साखरेचा आजार, गोड वर्ज्य, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. राहता राहिल्या पोळ्या करणाऱ्या शकुंतलाबाई. "मी विचारलं त्यांना," नीलिमाताई आवाज खाली करून म्हणाल्या. "आता वाटतं, विचारायला नको होतं. त्या म्हणाल्या, एक तारखेपासून येत नाही. सात वर्षं येतायत हो आमच्याकडे. आणि नेमकं काल आप्पांना ओट्यावर लेंड्या दिसल्या."

शकुंतलाबाई तिथेच पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण पोळी तव्यावर टाकता टाकता मला म्हणाल्या, "दादा, नीट बघा. मी नाय घेतलं कुनाचं कधी."

मी पट्टे गुडघ्यांना बांधले. आप्पा स्वतः मला जागा दाखवायला पुढे झाले, अगदी पाहणी करायला आलेल्या साहेबाला दाखवतात तशा. "हे पाहा काळोखे. इथे. आणि हे पाकीट कुरतडलेलं."

पाकिटाची कड सरळ होती. कात्रीची. खाली भुसा नाही. डब्याच्या मागे लेंड्या होत्या, मोजून अकरा. एका सरळ रांगेत, आणि प्रत्येक दोहोंमधलं अंतर सारखं. मी इतक्या वर्षांत इतका शिस्तीचा उंदीर पाहिला नव्हता. एक लेंडी उचलून चिमटीत दाबली. आतून पांढरं निघालं, बोटाला तेल लागलं आणि कारळ्यांचा वास आला. चटणीचे कारळे. उंदीर कसा असतो ते आप्पांनी बारकाईनं पाहिलं होतं, माप बरोबर घेतलं होतं. फक्त उंदीर पट्टी वापरत नाही एवढं ते विसरले.

मला हसू आलं. मी वळलो, तोंड उघडलं, आणि आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काळोखे, मोठ्यांदा बोलू नका," ते म्हणाले. "उंदराला ऐकू जातं."

डोळ्यांत साहेबी धाक होता आणि त्याच्याखाली दुसरंच काहीतरी, जे सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांत पाहायला नको वाटतं. शकुंतलाबाईंचं लाटणं थांबलं होतं. नीलिमाताई दारात उभ्या होत्या. मला एका क्षणात सगळं कळलं. लाडू यांनी खाल्ले. आळ बाईंवर गेला. ते पाहवेना, आणि सुनेसमोर कबूलही करवेना. म्हणून उंदीर तयार केला.

"आहे," मी म्हणालो. "उंदीर आहे."

लाटणं पुन्हा सुरू झालं.

मी स्वतःला हुशार समजत होतो. कुणाची मान खाली न जाता दोन्ही कामं साधायची, असं ठरवलं. नीलिमाताईंना सांगितलं की गोड काही म्हणून बाहेर ठेवायचं नाही, सगळं कडीच्या डब्यात आणि डबा कुलपाच्या कपाटात. उंदरासाठी हा सल्ला बरोबरच असतो. मग रिकाम्या समाधानासाठी एक पिंजरा काढला. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "आमिषाला लाडू लावू नका. लाडवांना तो कंटाळला असेल." मी खोबऱ्याचा तुकडा लावला.

हात धुवायला ड्राय बाल्कनीत गेलो तेव्हा बॅटरी चालूच होती. तिचा झोत सांडपाण्याच्या पाइपावरून गेला. पाइपाच्या कडेनं भिंतीवर एक काळपट पट्टा होता, बोटभर रुंद. खाली मोरीची जाळी एका कोपऱ्यात तुटलेली. पट्टा मी पाहिला. बोट लावलं नाही. या घरातला उंदीर मला सापडला होता, तो खिशाला पट्टी लावून दिवाणखान्यात बसला होता. एकदा खोटी खूण ओळखली की माणूस इतका खूश होतो की खरी समोर असली तरी तिच्याकडे बघत नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मी साबणानं हात धुतले आणि बॅटरी बंद केली.

आप्पा मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. एका पायात चप्पल होती, दुसरी आत दारातच निसटून राहिली होती. मी म्हटलं, "आप्पा, चप्पल." त्यांनी खाली पाहिलं. "अरेच्चा," म्हणाले. गार फरशीवर पाय टेकवून उभे होते आणि त्यांना पत्ता नव्हता. म्हातारपण, मी मनात म्हटलं. खुणा वाचणं हा माझा धंदा होता आणि त्या दिवशी ही दुसरी खूण मी सोडली.

"बाई गरीब आहे हो," लिफ्टची वाट बघताना ते म्हणाले. "नाहक तिच्यावर आलं होतं."

"साखर तपासता का वेळेवर?" मी विचारलं.

"तुम्ही उंदीर तपासा," आप्पा म्हणाले, आणि आत गेले.

मी ते घर विसरून गेलो. खरं म्हणजे विसरलो नाही, ती माझी आवडती गोष्ट झाली. माणसांची नावं न सांगता मी ती लग्नाच्या पंगतीत सांगायचो. अकरा कारळे, सारखं अंतर. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

होळी उलटून गेल्यावर नीलिमाताईंचा फोन आला. आवाज थकलेला. "काका, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात ना, उंदीर आहे म्हणून? तो आप्पांना चावला."

मी नुसतं "कुठे?" म्हटलं.

"डाव्या पायाच्या अंगठ्याला. सकाळी चादरीवर रक्त दिसलं म्हणून कळलं. त्यांना काहीच जाणवलं नाही. साखरेनं पायांची जाणीव गेली होती, डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी झालं असेल. जखम चिघळत गेली. अंगठा काढावा लागला." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही या. भांडायला बोलावत नाही, उंदीर धरायला बोलावतेय."

गेलो. लिफ्ट होती तरी मी जिन्यानं गेलो. मला उशीर हवा होता. शकुंतलाबाईंनी दार उघडलं. त्या टिकल्या होत्या, एवढं एक बरं.

या वेळी मी सुरुवात ड्राय बाल्कनीपासून केली. पट्ट्याला बोट लावलं. बोट काळं झालं. जाळीच्या कोपऱ्यातलं भोक आता मुठीएवढं झालं होतं. पट्टा तिथून बाल्कनीच्या दारापर्यंत, दाराखालून पॅसेजमध्ये, आणि भिंतीच्या कडेनं थेट आप्पांच्या खोलीत. आप्पा पलंगावर पडले होते. पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत बांधलेला. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. मी काही न बोलता गुडघ्यांवर बसलो आणि पलंगाखाली शिरलो.

डोक्याकडच्या बाजूला, गादी आणि फळीच्या फटीत, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकण नीट न बसणारा. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले लाडवांचे तुकडे, अर्धा पेढा, चुरमुऱ्यांतला गूळ. कागद कुरतडलेला, कड ओबडधोबड, खाली भुसा. आणि लेंड्या. काळ्या, चकचकीत, वेड्यावाकड्या विखुरलेल्या. खरा उंदीर कशाचीच रांग लावत नाही.

मी कपाटाला कुलूप लावायला सांगितलं होतं. म्हणून आप्पांनी हाती लागेल ते गोड स्वयंपाकघरातून काढून उशाशी नेलं. पाइपावरचा माझा सोडून दिलेला उंदीर वास घेत तिथे पोचला. त्या दिवशी जाळीला एक खिळा ठोकला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात आलो आणि ओट्यावर ठेवला. नीलिमाताईंनी तो उघडून पाहिला आणि बंद केला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ताई," मी आवाज खाली आणून म्हणालो, "दिवाळीत मी खोटं बोललो. तेव्हा ओट्यावर लेंड्या नव्हत्या."

"कारळे होते," त्या म्हणाल्या.

मी हातातली बॅटरी ओट्यावर ठेवली.

"बरणी मीच भरली होती. आमच्याकडे चटणी क्वचित होते. बरणीचं झाकण अर्धवट लागलेलं, फळीवर कारळे सांडलेले, आणि चटणी कुठे दिसेना." त्या ओट्याला टेकल्या. "दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तुम्हाला फोन करायच्या आधी."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"कसं बोलणार मी त्यांना? सासरे आहेत. सुनेनं सांगायचं की तुम्ही लाडू चोरता? ह्यांना सांगितलं असतं तर हे ओरडले असते त्यांच्यावर." त्यांनी डबा बाजूला सारला. "मला वाटलं, तुम्ही बाहेरचे. तुमचं कामच आहे ते. तुम्ही तरी बोलाल."

शकुंतलाबाई मागे उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला बी म्हाईत होतं, ताई. कपातली साखर चाटताना बघितलं होतं मी आप्पांना. म्हातारं मानूस, म्हनलं जाऊ दे, आपलंच नाव जाईना का."

आम्ही तिघं त्या ओट्यापाशी उभे होतो, आणि तिघंही हळू बोलत होतो. अजूनही. ज्याला ऐकू जाऊ नये म्हणून गेले चार-पाच महिने सगळं घर तोंड मिटून बसलं होतं, तो पलीकडच्या खोलीत पाय बांधून पडला होता. लग्नाच्या पंगती आठवल्या. ही गोष्ट सांगून मी किती लोकांना हसवलं होतं.

तेवढ्यात खोलीतून आप्पांचा आवाज आला. खणखणीत, साहेबी.

"अहो काळोखे, जरा मोठ्यांदा बोला. इथवर ऐकू येत नाही."

मी आत गेलो. माझ्यामागे नीलिमाताई आल्या, दारापर्यंत शकुंतलाबाई आल्या. स्टूल ओढून मी पलंगाशेजारी बसलो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ओठांवर बोट नव्हतं, दोन्ही हात चादरीवर होते.

"आप्पा," मी म्हणालो, "ते कारळे होते."

एवढंच बोलायचं होतं. दिवाळीत बोललो असतो तरी एवढंच लागलं असतं.